‘नुसतं चालणं म्हणजे काही व्यायाम नव्हे’ आणि त्यावरचे १४० मेसेज

प्रश्न : रोज सकाळी चालायला जाणाऱ्या आम्हा १८ जणांचा ऑनलाइन गट आहे. महिन्यापूर्वी मी त्यावर लिहिलं, ‘नुसतं चालणं म्हणजे काही व्यायाम नव्हे. बहुतेक डॉक्टर हेच सांगतात.’ दोन दिवसांत १४० मेसेज पडले. एकाने शब्दकोशाच्या पानाचा फोटो टाकला. दुसऱ्याने ‘व्यायाम’ची व्युत्पत्ती काढली. तिसरा म्हणाला, ‘आधी व्याख्या ठरवा, मग बोला.’ वैतागून मी लिहिलं, ‘चालणं चांगलंच हो, पण खरा व्यायाम वेगळा.’ त्यावर गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर नेटाने चालायला लागलेल्या एक ताई ‘म्हणजे आम्ही इतके दिवस टाइमपास करत होतो तर’ एवढं लिहून गट सोडून गेल्या. ताकदीचे व्यायामही करा, एवढंच मला म्हणायचं होतं. माझं काय चुकलं? आणि शब्दांचा असा कीस पाडणाऱ्यांना काय उत्तर द्यायचं?

उत्तर : तुमचं म्हणणं बरोबर होतं. ते सांगणारी वाक्यं मात्र तीन ठिकाणी फसली आणि त्या तीन फटींतून १४० मेसेज आत शिरले. आधी त्या फटी बघू. कीस पाडणाऱ्यांकडे नंतर वळू, कारण त्यांना किसणीखाली धरायला जिन्नस तुम्हीच दिला होता.

पहिली फट ‘नुसतं’. मराठीत हा शब्द दोन कामं करतो. ‘नुसत्या पाण्यावर राहिला’ म्हणजे पाण्याच्या जोडीला दुसरं काही नव्हतं. ‘नुसता बसून असतो’ यात मात्र जोडीचा प्रश्नच नाही, तिथे बसण्याला नावं ठेवली आहेत. तुमच्या डोक्यात पहिला अर्थ होता. वाचणाऱ्यांनी दुसरा घेतला आणि त्याला मदत केली ‘काही… नव्हे’ या जोडीने. ‘हे काही खरं नव्हे’ असं आपण म्हणतो तेव्हा थोडं खरं, थोडं खोटं असं सुचवत नसतो, सरळ झटकून टाकत असतो. बोलताना तुम्ही ‘नुसतं’वर जोर दिला असता आणि अर्थ पोचला असता. लिहिताना तो जोर कागदावर उतरत नाही. ‘चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायामही हवेत’ असं लिहिलं असतं तर ‘जोडीला’ आणि ‘ही’ या दोन बारक्या शब्दांनी तेच काम चोख केलं असतं.

दुसरी फट ‘बहुतेक’. हा शब्द तर सापळाच आहे. ‘बहुतेक डॉक्टर हेच सांगतात’ म्हणजे डॉक्टरांपैकी पुष्कळसे, की ‘मला वाटतं, डॉक्टरच सांगतात बहुतेक’? एक अर्थ आकड्याचा, दुसरा अंदाजाचा. ‘किती डॉक्टरांना विचारलंत?’ असं कुणीतरी नक्की विचारलं असणार. तुम्ही आकडा सांगत नव्हता, पण वाक्य आकड्याचं निघालं. पुष्कळसे म्हणायचं असेल तर ‘पुष्कळसे’ लिहावं, खात्री नसेल तर ‘बहुधा’. ‘सगळे’ आणि नकार एका वाक्यात आले की हाच घोटाळा होतो. ‘सगळे रोज येत नाहीत’ म्हणजे कुणीच येत नाही, की काहीजण दांडी मारतात? ‘रोज सगळेच येतात असं नाही’ म्हटलं की वाद मिटला. ‘आपण’ही त्याच जातीचा. ‘आपण जरा विचार करायला हवा’ हे नम्रपणे स्वतःला धरून म्हटलं आहे की समोरच्याला सुनावलं आहे, हे चेहरा दिसत नसताना कळायला मार्ग नाही.

तिसरी फट सर्वांत महाग पडली. ‘खरा व्यायाम’. काही शब्द वस्तूला नाव देतात आणि त्याच वेळी शाबासकीही देतात. ‘व्यायाम’ त्यांतला. अशा शब्दाला ‘खरा’, ‘अस्सल’, ‘ज्याला म्हणतात तो’ असं काही चिकटवलं की शाबासकी जागच्या जागी राहते आणि ती कुणाला मिळणार, तेवढं गुपचूप बदलतं. चार्ल्स स्टीव्हन्सन या तत्त्वज्ञाने १९३८ साली एका लेखात या प्रकाराची नीट फोड केली होती. व्याख्या सांगतोय असं भासवायचं आणि प्रत्यक्षात ऐकणाऱ्याचा कल वळवायचा, असं त्याचं स्वरूप. तुम्ही ते जाणूनबुजून केलं नाहीत. पण शस्त्रक्रियेनंतर रोज घराबाहेर पडणाऱ्या बाईंच्या हातातली शाबासकी त्या एका ‘खरा’ने काढून घेतली. त्या १४० मेसेजांपैकी शब्दाच्या अर्थाबद्दल नसलेला मेसेज बहुधा त्यांचा एकट्याचाच असेल.

आता भांडण नेमकं कशाचं होतं, ते तपासू. त्याची एक सोपी कसोटी आहे. ज्या शब्दावरून रण माजलंय तो शब्द काही काळ बंद करायचा आणि उरलेल्या शब्दांत आपापलं म्हणणं सांगायचं. डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने शाब्दिक वादांवर २०११ मध्ये लिहिलेल्या लेखात ही रीत व्यवस्थित मांडली आहे. तुमच्या गटावर ती करून बघू. ‘व्यायाम’ बंद. ‘कसरत’ आणि ‘एक्सरसाइज’ही बंद, नाहीतर लोक तीच वस्तू मागच्या दाराने आत आणतात आणि कसोटी तिथेच फसते.

मग काय उरतं? एक, भराभर चालल्याने हृदयाला आणि फुप्फुसांना पुरेसं काम मिळतं का? मिळतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराची हालचाल करावी. रोज ३० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस चाललं की १५० भरतात. दोन, चालण्याने सगळ्या मोठ्या स्नायूंची ताकद वाढते का? नाही. म्हणून त्याच सूचनांत आठवड्यातून किमान २ दिवस स्नायू बळकट करणारी हालचाल वेगळी सांगितली आहे. या दोन्ही गोष्टींवर तुमच्या गटात मतभेद आहे का? पत्रावरून तरी दिसत नाही. तुम्ही दुसऱ्या मुद्द्यावर बोट ठेवत होता, बाकीचे पहिला मुद्दा छातीशी धरून बसले होते, आणि दोन्ही बाजू बरोबर होत्या. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

पण शब्द बंद केल्यावर तिसरं एक उरतं, आणि ते खरोखर बोलण्यासारखं आहे. गप्पा मारत, थांबत थांबत केलेली फेरी त्या १५० मिनिटांत धरायची का? इथे शब्दकोश कामाचा नाही, श्वास कामाचा आहे. चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत दम लागत असेल तर जोर मध्यम समजतात. गाणंही निवांत म्हणता येत असेल तर वेग कमी आहे. १४० मेसेजांत हा प्रश्न कुणी विचारला होता का, हे मागे जाऊन बघाच.

कसोटीचे निकाल तीन तऱ्हेचे लागतात. शब्द काढल्यावर काहीच उरलं नाही, तर वाद निव्वळ शब्दाचा होता, सोडून द्यावा. काही उरलं, तर तोच खरा विषय, त्यावर बोलावं. आणि सगळी माहिती सर्वांना मान्य असूनही लोक चिडलेलेच असतील, तर वाद शाबासकीचा आहे, तिथे आणखी माहिती ओतून उपयोग नसतो. ‘कला’, ‘न्याय’, ‘लोकशाही’ असल्या शब्दांपुढे मात्र ही कसोटी अडखळते. शब्द काढला की जागेवर आणायला दुसरा सापडत नाही, आणि सापडला तर त्यावरून नवं भांडण सुरू. डब्ल्यू. बी. गॅली या तत्त्वज्ञाने १९५६ मध्ये अशा शब्दांचा एक वेगळा गटच मानला. ज्यांच्या अर्थाबद्दलचा वाद मिटत नाही आणि तो वाद त्या शब्दाच्या स्वभावातच असतो, असे शब्द. ‘व्यायाम’ त्यांतला नाही. तुमचं भांडण मिटणारं आहे.

व्याख्या मागणारे सद्गृहस्थ अगदीच चूक नव्हते. फक्त त्यांनी जगभराची व्याख्या मागितली, तुम्हाला गटापुरती हवी होती. आणि व्याख्येवरून मतभेद व्हायला तुमचा गट काही पहिला नव्हे. चरकसंहितेत शरीराला स्थैर्य आणि बळ देणाऱ्या हालचालीला व्यायाम म्हटलं आहे. सुश्रुतसंहितेत ‘शरीरायासजननं कर्म’, म्हणजे शरीराला आयास देणारं कोणतंही काम, व्यायाम ठरतं. तुम्ही नकळत चरकांच्या बाजूला होता आणि बाकीचे सुश्रुतांच्या. (चरकांच्या त्या श्लोकात हालचालीला ‘चेष्टा’ हा शब्द आहे. ‘शरीरचेष्टा’ एवढंच उचलून गटावर टाकलं असतं, तर मराठी वाचणाऱ्यांनी ते स्वतःच्या पोटावर घेतलं असतं.) आधुनिक आरोग्यशास्त्रातही हा गोंधळ होताच. कॅस्परसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९८५ साली दोन शब्द वेगळे केले. स्नायूंनी केलेली, ऊर्जा खर्च करणारी कोणतीही हालचाल ती शारीरिक हालचाल. आणि तंदुरुस्तीसाठी ठरवून, आखून, पुन्हा पुन्हा केलेली हालचाल तो व्यायाम. या हिशेबाने ठरवून रोज सकाळी चालणं हा व्यायामच, आणि बस पकडायला धावणं ही नुसती हालचाल. (इथला ‘नुसती’ कोणता, ते तुम्ही ओळखाल.)

तेव्हा व्याख्या हवीच असेल तर शब्दाचे दोन तुकडे करा. ‘दमाचा व्यायाम’ आणि ‘ताकदीचा व्यायाम’. विशेषण लागलं की एकच शब्द दोन बाजूंनी ओढण्याची गरज उरत नाही. ‘अर्थ १’ आणि ‘अर्थ २’ असे आकडे दिले तरी चालतं, फक्त ते लोकांच्या लक्षात राहत नाहीत.

शब्दाचा अर्थ पक्का ठरवावाच लागतो, असे प्रसंग येतात. जिथे त्या शब्दावर पैसा, नियम किंवा हक्क टांगलेला असतो, तिथे ‘शब्दांवर काय भांडता’ असं म्हणणं हा अडाणीपणा. १८८३ च्या कायद्याने अमेरिकेत आयात भाज्यांवर १० टक्के जकात होती, फळांवर ती नव्हती. टोमॅटो वनस्पतिशास्त्राप्रमाणे फळ, म्हणून जकात परत मागायला व्यापारी थेट सर्वोच्च न्यायालयात गेले. १८९३ मध्ये निकाल लागला की बाजारात आणि जेवणात लोक ज्याला भाजी म्हणतात ती भाजी. शब्दकोश तिथेही वाचून दाखवले होते, निकाल दिला वापराने. तुमच्या गटात उद्या ‘महिन्यात २० दिवस व्यायाम’ अशी पैज लागली, तर चालणं धरायचं की नाही ते पैज सुरू होण्याआधी मतदानाने ठरवा आणि लिहून ठेवा. महिना संपल्यावर ठरवायला गेलात तर प्रत्येकजण आपल्या आकड्याला सोयीची व्याख्या घेऊन येईल.

शब्दकोशाचा फोटो टाकणाऱ्यांचं काय? शब्दकोश हा कायदा नसतो, लोक शब्द कसा वापरतात त्याची ती नोंदवही असते. त्यात एका शब्दाला चार-पाच अर्थ असतात आणि फोटोत नेहमी सोयीचा एकच येतो. शिवाय पहिला छापलेला अर्थ तोच मुख्य, असंही नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात अर्थ जुन्याकडून नव्याकडे लावतात, म्हणजे पहिला अर्थ कदाचित कुणी वापरतही नसेल. म्हणून फोटोला उत्तर एकच : ‘यातला कितवा अर्थ तुम्ही धरता? मी दुसरा धरलाय.’ कोशाचा उपयोग होतो तो ‘हा शब्द असा कुणी वापरतच नाही’ असा दावा झाला तर. तो दावा एका नोंदीने खोडता येतो.

व्युत्पत्तीवाल्यांना याहूनही कमी वेळ द्यावा. तेल हा शब्द तिळावरून आला, म्हणून खोबरेल तेल खोटं ठरत नाही. ‘प्रवीण’ मुळात वीणावादनातला, म्हणून गणितात प्रवीण असलेल्याच्या हातात कुणी वीणा देत नाही. शब्द कुठून निघाला आणि आज कुठे राहतो, हे दोन वेगळे पत्ते आहेत.

आता जाणूनबुजून कीस पाडणारे. यांची ओळख आपल्याकडे फार जुनी आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे तर्क आणि वादविवादावरच्या प्राचीन संस्कृत ग्रंथात, याला छल म्हटलंय आणि त्याचे तीन प्रकार केलेत. बोलणाऱ्याने ‘नवकंबल’ म्हटलं, त्याला म्हणायचं होतं नवी घोंगडी. समोरचा म्हणतो, ‘नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते.’ हे वाक्छल. साधारणपणे खरं असलेलं विधान ताणून हास्यास्पद टोकाला नेणं हे सामान्यछल, उदाहरणार्थ तुमच्या गटात ‘मग स्वयंपाकघरात फिरणंही व्यायाम का?’ असं विचारणारा. आणि ‘मंच ओरडतायत’ म्हटल्यावर ‘लाकूड कसं ओरडेल, वरची माणसं ओरडतायत’ असं म्हणणारा उपचारछल करतो, म्हणजे लाक्षणिक बोलणं शब्दशः घेतो. नाव माहीत असलं की राग कमी येतो.

पण छलाचा आरोप घाईने करू नका, कारण प्रामाणिक गैरसमज बाहेरून अगदी तसाच दिसतो. फरक ओळखायची खूण दुसऱ्या मेसेजात मिळते, पहिल्यात नाही. तुम्ही एकदा स्पष्ट करा : ‘माझा अर्थ असा होता.’ ‘अच्छा, मग ठीक’ किंवा ‘तरी मला पटत नाही, कारण…’ असं उत्तर आलं तर तो गैरसमज होता. ‘पण तुम्ही लिहिलंत तर तसंच’ असं म्हणत माणूस पुन्हा जुन्या वाक्यालाच जाऊन चिकटला, तर छल. गैरसमजाला हवी तितकी उत्तरं द्यावीत. छलाला एक पुरे, तेही इतर वाचणाऱ्यांसाठी. दुसऱ्या उत्तरात तुम्ही त्याच्या मैदानात गेलेले असता.

स्वतःचं मत न मांडता फक्त दुसऱ्याचं खोडत राहणं याला त्याच सूत्रांत वितंडा म्हटलं आहे. आपण ‘वितंडवाद’ म्हणतो तो शब्द तिथलाच. (तिथे ‘वाद’ म्हणजे सत्य शोधण्यासाठी केलेली सरळ चर्चा. मराठीत येईपर्यंत त्याचं भांडण झालं, यातच बरंच काही आलं.) वितंडेला उपाय प्रश्नाचा : ‘तुमचं स्वतःचं म्हणणं एका वाक्यात सांगता का?’ उत्तर येतं किंवा शांतता येते, दोन्ही चालतात.

जुनं वाक्य मात्र दुरुस्त करायलाच हवं होतं, आणि ते तुम्ही केलं नाहीत. ‘चालणं चांगलंच हो, पण’ ही दुरुस्ती नव्हती, तो ठिगळ होता. लिहिलेलं वाक्य विरून जात नाही, नवा माणूस येऊन तेच पहिल्यांदा वाचतो. म्हणून सरळ लिहावं : ‘वरचं वाक्य मागे घेतो, त्याऐवजी हे वाचा.’ आणि पुढे नवं वाक्य. जुना मेसेज गुपचूप बदलू नये किंवा पुसू नये. खालच्या उत्तरांना मग डोकं-शेपूट राहत नाही आणि बदलणारा चोर ठरतो.

राहिला ताईंचा प्रश्न, आणि तुमच्या पत्रातला महत्त्वाचा प्रश्न तोच आहे. त्यांना मेसेज करू नका, फोन करा. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय प्रयोगात लोकांनी काही वाक्यं खरीखुरी आणि काही उपरोधाने पाठवली. आपला सूर समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल, असा त्यांचा अंदाज होता. आवाजातून ऐकणाऱ्यांनी तो सुमारे ७३ टक्के वेळा ओळखला, ईमेल वाचणाऱ्यांनी ५६ टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जरासा बरा. आधीच एकदा लिहून बिघडलं आहे.

फोनवर ‘तुमचा गैरसमज झाला’ असं म्हणू नका, त्यात चूक त्यांच्या पदरात पडते. ‘दुखावलं असेल तर’ यातला ‘तर’ही गाळा. त्या दुखावल्या आहेत, हे तुम्हाला माहीत आहे. एवढंच बोला : ‘ताई, माझं वाक्य वाईट उतरलं. तुम्ही शस्त्रक्रियेनंतर रोज चालताय तो व्यायामच आहे, आणि मी ‘खरा व्यायाम’ असं लिहायलाच नको होतं. गटावरही मी तसं लिहिलं आहे.’ हे शेवटचं वाक्य खरं असावं लागेल, म्हणून गटावरचा मेसेज फोनच्या आधी टाका, नंतर नको. नंतर टाकलात तर त्या परत याव्यात म्हणून लिहिल्यासारखा दिसतो.

आणि ताकदीच्या व्यायामाचा विषय त्या फोनवर काढू नका. त्यांच्या गुडघ्याला काय झेपेल ते त्यांचे फिजिओथेरपिस्ट सांगतील. त्यांनी स्वतःहून विचारलं तर सांगा, पण ‘नुसतं’ने सुरुवात न करता.